सीट पुढे का सरकते

१२ जानेवारी, रविवार

निषादने आज घरात मोटारीची सीट आणली. नुसतीच सीट, मोटार नाही. उरवड्याच्या कारखान्यांच्या मागे एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे अपघातातली एक भारी गाडी तोडायला आली होती, तिच्यातली ही ड्रायव्हरची सीट. काळं कातडं, मानेला उशी आणि उजव्या बाजूला बटणं. गाडीत असताना बटण दाबलं की ती पुढेमागे, वरखाली व्हायची आणि पाठ मागे कलायची. आता काहीच होत नाही, कारण तिला वीज नाही. घरमालक सावळा आणि निषाद या दोघांनी ती जिन्यावरून वर चढवली. मी वरून सूचना देत होतो. त्या कोणी ऐकल्या नाहीत, म्हणून जिन्याच्या भिंतीला ओरखडा पडला.

निषादला संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळायचा नाद आहे. टेबलाला खरं स्टिअरिंग बसवलंय, पायाशी तीन पेडलं आहेत, समोर भलामोठा पडदा. ऑफिसातले लोकही आपापल्या घरून खेळतात. आता साध्या खुर्चीऐवजी ही सीट.

मी म्हणालो, वायरिंग मी करतो. तो म्हणाला, "बाबा, प्लीज, तुम्ही हात लावू नका." मिक्सरच्या प्रकरणापासून त्याचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. जिंतूरच्या शाळेत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं, विद्युतधारेचा धडा तर माझा हातखंडा. मिक्सरचं झाकण छताला लागलं तो प्रयोगातला अपघात होता.

दिवाळीनंतर मी आणि माझी बायको नलिनी इथे माण गावी मुलाकडे राहायला आलो. तेव्हापासून मला दिवसभर काही काम नाही. हे फक्त इथे लिहितो, घरात बोललेलो नाही.

नलिनीने सीटभोवती एक फेरी मारली आणि बसायला बरी आहे का, एवढंच विचारलं. बायकांना यंत्राची गोडी नसते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देताना निषाद जरा नरमला. प्रत्येक पायरीला विचारून करणार असाल तर करा, म्हणाला.

सीट आडवी करून खाली पाहिलं. शेवयांचा गठ्ठा सोडवायला बसावं तशा तारा. त्यात एक पिवळा जोड दिसला. निषादने बजावून सांगितलं की तो सीटमधल्या एअरबॅगचा आहे, त्याला चुकूनही वीज द्यायची नाही, नाहीतर पिशवी फुटेल आणि माणूस भिंतीला चिकटेल. मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि 'धोका' असं लिहिलं. अक्षर छान आलं.

मग दोन जाड तारा शोधल्या, लाल आणि काळी. घरात एक छोटा ॲडाप्टर सापडला तो जोडून पाहिला. सीट कण्हली, पण हलली नाही. तेवढ्यात आतून निषादची हाक आली. तो ॲडाप्टर इंटरनेटच्या डबीचा होता आणि निषाद आज घरून काम करत होता. अमेरिकेतल्या साहेबाशी बोलता बोलता तो मध्येच नाहीसा झाला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सीट चालली.

निषादच्या जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय माळ्यावर होता. त्यातून बारा व्होल्ट मिळतात आणि सीटच्या मोटारींना पुरेल एवढा जोरही. मध्ये फ्यूज टाकला. निषादला ऑफिसात फोन करून प्रत्येक तार कळवली. शेवटी तो म्हणाला की बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, तुमचं बरोबर असेल.

सीट एका लोखंडी चौकटीवर पक्की केली, मग मी बसलो आणि बटण दाबलं. सीट सावकाश, ऐटीत पुढे निघाली. मला शाळेतला विज्ञानमेळावा आठवला. मग गुडघे टेबलाला टेकले आणि सीट पुढेच जात राहिली. माझा हात माझ्याच मांडीखाली अडकला होता आणि त्याच्याखाली बटण होतं. मी नलिनीला हाक मारली. तिने येऊन आधी सगळं नीट पाहिलं आणि मग प्लग काढला. नंतर तिने खिडकीतून हाक मारून खालून बानूबाईला बोलावलं, हे गरजेचं नव्हतं.

बानूबाई म्हणजे आमची घरमालकीण, सावळाची बायको. यांच्या जमिनीवर आयटीवाल्यांच्या इमारती आल्या तरी हिने शेळ्या सोडलेल्या नाहीत, बिल्डिंगच्या मागे बांधते. ती दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, खुर्चीनं तुमाला धरलंय का तुमी खुर्चीला?"

संध्याकाळी निषाद सीटवर बसून तासभर खेळला आणि चक्क थँक्यू म्हणाला. नलिनी मागे उभी राहून पाहत होती. जिंतूरला असताना एकदा तिने गाडी शिकायचा विषय काढला होता. गाव एवढं लहान आहे की दुसरा गिअर टाकेपर्यंत संपतं, असं मी तेव्हा समजावलं. तिला पटलं असावं, कारण पुन्हा विषय काढला नाही.

२२ जानेवारी, बुधवार

एक विचित्र गोष्ट. निषाद सहा फुटाचा, त्यामुळे सीट पार मागे आणि खाली ठेवलेली असते. काल संध्याकाळी तो बसायला गेला तर सीट पुढे आलेली आणि वर उचललेली. त्याचे गुडघे आपटले. आजही तेच. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

सगळे जोड तपासले. सगळं घट्ट आहे.

२५ जानेवारी, शनिवार

कालपासून शास्त्रीय पद्धतीने तपास सुरू केला. जमिनीवर खडूने सीटची जागा आखली. काल सकाळी निषाद गेला तेव्हा सीट रेघेवर होती. जेवण झालं तेव्हाही रेघेवर. मी देवळाच्या पारावर पेपर वाचायला गेलो आणि चहाला परत आलो तर सीट वीतभर पुढे. नलिनी शांतपणे मेथी निवडत होती.

म्हणजे दोष दुपारीच होतो. माझा अंदाज असा की दुपारी व्होल्टेज वाढतं आणि मोटार आपोआप फिरते. नलिनीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, दुपारी व्होल्टेज वाढतं खरं, मलाही जाणवतं. इतक्या वर्षांत विज्ञानात ती पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाली.

आज ताजी निरीक्षणं नाहीत, कारण शनिवार आहे, निषाद घरी आहे, आणि सीट जागची हलली नाही. सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद असल्यामुळे व्होल्टेज स्थिर राहत असावं.

२८ जानेवारी, मंगळवार

बानूबाईने वेगळंच कारण काढलंय. तिच्या मते गाडीचा आधीचा मालक बुटका होता, अपघातात गेला, आणि दुपारच्या वेळी येऊन आपल्या जागेवर बसतो. तिने सीटच्या मानेला लिंबू-मिरची बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवान झालं की हितं थांबू नगा, गुरुजी. त्याला गडीमानूस खपत न्हाई. चहाच्या टायमालाच या."

मी अंधश्रद्धेविरुद्ध वर्गात कितीदा बोललोय. तिलाही चार शब्द सुनावले. पण जेवणानंतर चालणं प्रकृतीला चांगलंच असतं, म्हणून हल्ली जातो. टेबलावर चहाचे दोन कप आढळले. बानूबाई म्हणाली, एक त्याचा नैवेद्य. दुसरा कोणाचा हे विचारायचं राहिलं.

नलिनीची तब्येत मला ठीक वाटत नाही. तळहाताला घट्टे पडलेत. पोळ्या लाटून, म्हणते. काल बाजारातून येताना रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, वळणात नाही." तो मागे वळून बघायला लागला आणि आम्ही एका हातगाडीला लागता लागता वाचलो. टीव्ही फार पाहते हल्ली.

३ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. सगळं वायरिंग सोडून नव्याने केलं, दोन फ्यूज उडवले. दुपारी देवळातून आलो तर सीट पुढे.

शिवाय निषाद म्हणतो की कोणीतरी त्याचं खातं हॅक केलंय. त्याच्या नावावर डोंगरातल्या ट्रॅकची अशी वेळ नोंदली गेलीय जी त्याने कधी काढलेलीच नाही. म्हणाला, "हॅकर माझ्यापेक्षा चांगला चालवतो, हेच जास्त लागतंय."

येत्या रविवारी त्याची ऑफिसातल्यांशी स्पर्धा आहे, जोडीजोडीने. सीट अशी भरवशाची नसेल तर तो साध्या खुर्चीवर बसेल. रागाने बोलला नाही, मला सांभाळून घेत बोलला. ते ऐकवलं नाही. मीच म्हणालो की शुक्रवारी सावळाच्या टेम्पोतून सीट भंगारवाल्याला परत जाईल. हार मानायची तर स्वतः मानावी.

जेवताना नलिनीने विचारलं, "दुरुस्त होणारच नाही का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग राहू द्या की तशीच. सरकते बिचारी पुढे, कोणाचं काय नेते?" आमटीत मीठ नव्हतं. तिच्याकडून हे लग्नानंतर प्रथमच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवून देवळाकडे निघालो आणि वाटेत लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. परत फिरलो. जिना चढताना इंजिनाचा आवाज येत होता. हा आवाज मी रोज पारावर ऐकायचो आणि पिठाची गिरणी समजायचो. दार नुसतं लोटलेलं होतं, ते मी जरासं उघडलं.

सीटवर नलिनी होती. पदर खोचलेला, पायात निषादचे जाड मोजे. सीट पुढे, वर, तिच्या मापाची. शेजारी स्टुलावर बानूबाई, तिच्या मांडीवर एक करडू. पडद्यावर डोंगरातला रस्ता धावत होता. बानूबाई म्हणत होती, "डावीकडचं वळान आलं बग, ताई." नलिनी म्हणाली, "दिसलं." बस, एवढंच. तिने स्टिअरिंग वळवलं, गाडी कड्याच्या काठावरून गेली, बानूबाईने करडाचे डोळे झाकले.

मी आत गेलो नाही. का गेलो नाही, याचा मघापासून विचार करतोय. चष्मा तिच्या मागच्याच टेबलावर होता, हे एक. आणि मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. ओठ दाबलेले, डोळे लांबवर. इतकी वर्षं मी तिला काही ना काही करताना पाहतोय, पण असा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. हाक मारली असती तर तो गेला असता.

खाली येऊन शेळ्यांपाशी दगडावर बसलो. सावळा तिथे होता. वर बोट करून म्हणाला, "चालू हाय का अजून? मग माझ्या भाकरीला उशीर हाय."

मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, "आक्ख्या आळीला ठावं हाय, गुरुजी. भुताचं मात्र तुमच्यासाठी काडलं व्हतं."

चहाच्या वेळेपर्यंत तिथेच बसलो. एका शेळीने माझ्या शर्टाची बाही चघळली.

संध्याकाळी निषाद आल्यावर मी सगळ्यांसमोर निदान जाहीर केलं. म्हणालो, दोष मोटारीत नाही आणि वायरिंगमध्येही नाही. सीटचा स्वभावच पुढे जायचा आहे. विज्ञानात अशा गोष्टी असतात. दुरुस्ती शक्य नाही, अपायही नाही, तेव्हा टेम्पो रद्द. निषादने कपाळाला हात लावला. नलिनीने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वरणावर तूप वाढलं, थांब म्हणेपर्यंत. मी थांब म्हणालो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शर्यतीचा दिवस. हा निवांत लिहिण्यासारखा आहे, पण माझा खांदा दुखतोय, तेव्हा जमेल तसं.

निषादची जोडीदार होती क्षितिजा, त्याच्या टीममधली मुलगी. अर्धी शर्यत याने चालवायची, मग थांबा घेऊन उरलेली तिने. ती इथे आमच्याच घरी येणार होती. सकाळी तिचा फोन आला, ताप चढलाय. एकट्याने चालवायला परवानगी नाही. निषादने चारपाच जणांना फोन लावले, कोणी मोकळं नव्हतं.

मी म्हणालो, "तुझी आई आहे ना."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. निषाद म्हणाला, बाबा, ही वेळ चेष्टेची नाही. नलिनी हात पुसत बाहेर आली. मला वाटलं ती लाजेल, मला काय येतंय म्हणेल. तिने फक्त विचारलं, "ट्रॅक कोणता?"

निषाद खाली बसला. हॅकर कोण ते त्याला तेव्हा कळलं. मोजे त्याने स्वतःहून आणून दिले.

बानूबाईही वर आली, करडासकट. निषादने बऱ्यापैकी चालवलं, बारा गाड्यांत आठवा होता. थांबा आला. तो उडी मारून उठला, नलिनी बसली, बटण दाबलं, आणि सीट हलली नाही.

ज्या सीटला पुढे जाण्यापासून मी तीन आठवडे रोखत होतो ती आज मागेच बसून राहिली. नलिनीचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. पडद्यावर बाकीच्या गाड्या जात होत्या. मी पोटावर सरपटत सीटच्या मागून चौकटीखाली शिरलो. उठण्याच्या झटक्यात लाल तारेचा जोड निसटला होता. दोन्ही टोकं दाबून धरली आणि ओरडलो की दाब. सीट माझ्या डोक्यावरून सरकत पुढे गेली आणि गाडी सुटली.

उरलेली शर्यत मी तशीच तार धरून पालथा पडून ऐकली. पडदा दिसत नव्हता. दिसत होते फक्त नलिनीचे पाय. ब्रेकवर पाय असा ठेवते, जसं झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं. मग सोडते आणि लगेच दुसरा पाय खाली जातो, अजिबात घाई नाही. निषाद आकडे सांगत होता, दहावी, आठवी, सहावी. पुढे तो आकडे सांगायचा थांबला आणि नुसताच आई, आई म्हणायला लागला. एकदा जोरात धडक झाल्यासारखा आवाज आला. बानूबाई शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याची हाय."

चौथा नंबर आला. निषादच्या साहेबाला त्यांनी मागे टाकलं. साहेबाने पडद्यावर लिहून विचारलं, तुझी नवी पार्टनर कोण? निषादने लिहिलं, आई.

मला बाहेर ओढून काढावं लागलं. निषाद म्हणाला की सीट एकदा जागेवर गेली की तिला वीज लागतच नाही, तार तेव्हाच सोडली असती तरी चाललं असतं. मला हे माहीत असायला हवं होतं. पण सोड असं मला कोणी सांगितलं नाही, आणि नलिनी चालवत असताना माझ्या हातून काही सुटावं असं मला वाटेना.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नलिनीने खांद्याला तेल लावून दिलं. मी सहज म्हणालो की मला सगळं बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं.

"गुरुवारपासून," ती म्हणाली. "दार लोटून घ्यायला विसरलात. आणि चष्मा न नेताच गेलात."

मग ती पुन्हा खांदा चोळायला लागली. म्हणाली, "पिरंगुटला बायकांना गाडी शिकवणारी एक बाई आहे. बानूबाई पण येते म्हणतेय."

मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, मागच्या सीटवर जागा असते.

१८ मे, रविवार

अक्षर वाकडं येतंय, कारण गाडी चालू आहे.

नलिनीला मागच्या आठवड्यात लायसन्स मिळालं. बानूबाईला नाही मिळालं, ती परीक्षेत साहेबाशीच भांडली, पण पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. आज निषादची गाडी घेऊन आम्ही ताम्हिणी घाटाकडे निघालोय, वाटेत धरण लागतं. चालवते नलिनी. तिच्या शेजारी बानूबाई, वळणं सांगायला. मागे निषाद आणि मी.

पौडपर्यंत ठीक होतं. पौडच्या पुढे तिने एका वाळूच्या ट्रकला मागे टाकलं. मी म्हणालो, जरा हळू. ती म्हणाली, हळूच आहे. निषादने माझ्या कानात सांगितलं की बाबा, खरंच हळू आहे, चाळीसच्या वर गेलेली नाही. मग मला एवढा वारा का लागतोय कळत नाही.

आता डोंगरातली वळणं लागलीत. प्रत्येक वळणाआधी गाडी जराशी दबते आणि मग मोकळी सुटते. मी डोळे मिटून बसलो होतो, पण डोळे मिटून लिहिता येत नाही, म्हणून उघडले. एका वळणावर मागच्या गाडीने हॉर्न दिला. नलिनीने आरशात पाहिलं, त्याला जाऊ दिलं, आणि स्वतःशीच म्हणाली, "जा बाबा, तुला घाई आहे."

झाडी संपली. खिडकीबाहेर उजेड दिसतोय.

नलिनी आरशातून माझ्याकडे बघतेय. म्हणते, "अहो, ती वही ठेवा आता. धरण आलं, बाहेर बघा."

ठेवतो.